एकाच तुकड्याचे दोन रिपोर्ट

पित्ताचे खडे असतील असं धरून मी सोनोग्राफीला गेले होते. उजव्या बरगडीखाली जड जड वाटायचं, संध्याकाळी जास्त. तुर्भ्याच्या दाणाबाजारात एका पेढीवर मी हिशेब बघते. दिवसभर बैठं काम, जेवणाच्या वेळा पुढेमागे, त्यामुळे पित्तच वाढलं असणार असं घरीदारी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. नेरूळचे आमचे फॅमिली डॉक्टरही पोट दाबून तेच म्हणाले. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पित्ताशय झटकन पाहून सोडून दिलं आणि यकृतावर येऊन थांबले. श्वास भरून धरा, सोडा, डाव्या कुशीवर वळा, परत धरा. मग त्यांनी विचारलं, "ताई, याआधी कधी कुठला कॅन्सर निघाला होता का? छातीत गाठ वगैरे?"

रिपोर्टात लिहिलं होतं की यकृताच्या उजव्या-डाव्या दोन्ही भागांत अनेक गाठी आहेत, मेटास्टेसिस असू शकतात, सीटी स्कॅन करावा. मेटास्टेसिस म्हणजे दुसरीकडे सुरू होऊन यकृतात पसरलेला कॅन्सर. पुढचे कित्येक महिने या एका शक्यतेमागे गेले आणि शेवटी ती खोटी ठरली. माझ्या गाठी यकृतातच सुरू झालेल्या आणि फार विरळा आढळणाऱ्या आहेत. एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा असं त्यांचं नाव, डॉक्टर मंडळी नुसतं ईएचई म्हणतात. हा आजार दिसतो दुसऱ्याच आजारांसारखा आणि नाव चुकलं की औषधही चुकतं. मला हे नाव कसं मिळालं ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्या काळात मराठीत वाचायला मला काहीच सापडलं नव्हतं.

सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी लिहिलं त्यात वावगं काही नव्हतं. मोठ्या माणसाच्या यकृतात एकदम खूप गाठी दिसल्या तर पहिला संशय हाच घ्यायचा असतो. आतड्यांमधलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून आधी यकृतात येतं, म्हणून आतड्याचा, जठराचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरला की त्याचा पहिला मुक्काम बहुधा यकृतात असतो.

सीटी वाशीला केला, ट्रिपल फेज. हे काय असतं ते तिथल्या टेक्निशियननं नीट समजावून सांगितलं. यकृताला दोन वाटांनी रक्त मिळतं. साधारण तीन-चतुर्थांश पोर्टल शिरेतून आणि बाकीचं धमनीतून. यकृतातच सुरू होणारा नेहमीचा कॅन्सर मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढतो. म्हणून हातातल्या शिरेत औषध सोडल्यावर सुमारे ३० ते ३५ सेकंदांनी, मग ७० सेकंदांच्या आसपास आणि मग काही मिनिटांनी अशा तीन वेळा प्रतिमा घेतात. गाठ कधी उजळते, कधी फिकी पडते, यावरून ती कशाची असेल याचा अंदाज बांधतात. औषध आत जाताना घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट उतरते, कपड्यात लघवी झाली की काय असंच वाटतं. तसं काही झालेलं नसतं. कुणी आधी सांगितलं नसेल तर फार घाबरायला होतं, म्हणून सांगून ठेवते.

सीटीत वीसेक गाठी निघाल्या. सर्वांत मोठी साडेतीन सेंटिमीटरची. निष्कर्ष तोच, मेटास्टेसिस, मूळ जागा शोधावी.

मग मूळ शोधायची धावपळ सुरू झाली. मॅमोग्राफी झाली, गर्भाशय आणि अंडाशय तपासून झाले, तोंडातून दुर्बीण घालून जठर बघून झालं. कोलोनोस्कोपीपेक्षा तिच्या आदल्या रात्रीचं पोट साफ करायचं औषध जास्त त्रासदायक. रक्तातले ट्यूमर मार्कर तपासले. एएफपी वाढलं तर यकृताच्या नेहमीच्या कॅन्सरचा संशय येतो, सीईए वाढलं तर आतड्याच्या, सीए १९-९ वाढलं तर स्वादुपिंड आणि पित्तनलिकेच्या. माझी तिन्ही मर्यादेत होती. हिपॅटायटिस बी आणि सी नव्हता. पेट स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी आजूबाजूपेक्षा थोड्या जास्त उजळल्या आणि दोन्ही फुफ्फुसांत काही बारीक ठिपके दिसले. बाकी शरीर स्वच्छ.

फाइल जाडजूड झाली तरी मूळ काही सापडेना. आणि मी तर धडधाकट! वजन जसंच्या तसं, भूक लागत होती, कावीळ नव्हती, बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन उत्तम, फक्त अल्कलाइन फॉस्फेटेज जरासं वाढलेलं. सकाळची सात बावीसची लोकल मी धावत जाऊन पकडत होते. हिशेबाच्या कामात एक सवय लागते. दोन बाजूंचा ताळा बसत नसेल तर रक्कम कितीही किरकोळ असो, तिथेच थांबायचं, कारण कुठेतरी एखादी नोंद दुसऱ्याच खात्यावर चढलेली असते. इथे एका बाजूला वीस गाठी आणि दुसऱ्या बाजूला ही अशी तब्येत. मी पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या गॅस्ट्रोंना, हे विचारलं तेव्हा त्यांनी ते उडवून लावलं नाही. "तुमचा प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले, "यकृतात एवढं पसरलेलं असताना पेशंट सहसा अशी दिसत नाही. पण अंदाजानं पुढं जायचं नाही. तुकडा काढू."

दरम्यान टीबीची गोष्ट निघाली. आपल्याकडे ती निघतेच, आणि निघायलाही हवी, कारण यकृतात टीबीच्या गाठी होतात आणि स्कॅनवर त्या हुबेहूब कॅन्सरसारख्या दिसू शकतात. धाकट्या दिरांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवरच सुचवलं की दोन महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, देऊन बघा, गाठी कमी झाल्या तर टीबीच. टीबी म्हणजे कॅन्सर नाही, म्हणून घरात सगळ्यांनाच हे पटकन पटलं. सासूबाईंनी तर देवापुढे साखर ठेवली. गॅस्ट्रोंनी ठाम नकार दिला. टीबीच्या औषधांतल्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. आजार कुठला ते माहीत नसताना आजारी यकृतावरच प्रयोग करायचा आणि उत्तराची वाट बघत दोन महिने घालवायचे, हे त्यांना मान्य नव्हतं. "बायोप्सीच्या तुकड्यातूनच टीबीचीही तपासणी करू," असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या या नकाराबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

बायोप्सीच्या आधी रक्त गोठण्याची तपासणी आणि प्लेटलेट बघतात. यकृत रक्तानं भरलेलं असल्यामुळे सुईनंतर रक्तस्रावाची जोखीम असते. बरगड्यांच्या मधली जागा बधिर केली, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसत होती. डॉक्टरांनी श्वास रोखायला सांगितला, स्प्रिंग सुटल्याचा टक असा आवाज झाला आणि उजव्या खांद्यात कळ आली. यकृतात सुई आणि दुखतो खांदा, हे कसं ते विचारलं तर म्हणाले, यकृताच्या वर श्वासपटल असतं, त्याचा मज्जातंतू आणि खांद्याचे मज्जातंतू मानेतल्या एकाच भागातून निघतात. फॉर्मॅलिनच्या बाटलीत पांढुरके, शेवयांसारखे बारीक तुकडे तरंगताना मी पाहिले. एक तुकडा टीबीसाठी सलाइनच्या वेगळ्या बाटलीत गेला, कारण फॉर्मॅलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत. एकाच सुईत दोन्ही कामं करायची असतील तर हे आधी ठरवावं लागतं. नंतर कितीतरी तास उजव्या कुशीवर पडून राहायचं.

टीबीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. दुसरा आला तो असा: ॲडिनोकार्सिनोमा, काही पेशी सिग्नेट रिंगसारख्या, सायटोकेरॅटिन पॉझिटिव्ह, यकृताच्या पेशींची खूण असलेलं हेपपार-१ निगेटिव्ह. मूळ जागा जठर किंवा पित्तनलिका असण्याची शक्यता. ॲडिनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून सुरू होणारा कॅन्सर, सिग्नेट रिंग म्हणजे शिक्क्याची अंगठी, आणि सायटोकेरॅटिन हे कार्सिनोमाच्या पेशींत सहसा सापडणारं प्रथिन.

त्या आठवड्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. मुलगी बारावीला होती.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी योजना मांडली. जठरात काही सापडलं नाही, तेव्हा यकृतातल्याच पित्तनलिकांचा कॅन्सर धरायचा आणि जेमसिटाबिन व सिस्प्लॅटिन ही दोन औषधं सुरू करायची. ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता, गाठी दोन्ही बाजूंना होत्या. किमो देण्यासाठी छातीत पोर्ट, म्हणजे औषध सोडायची नळी, बसवायची तारीखही मिळाली. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, आता वेळ दवडू नका. दीर कळकळीनं म्हणाले, "वहिनी, नावाचं काय घेऊन बसलात, कॅन्सर आहे ना, मग औषध सुरू करा." त्यांचं प्रेमच बोलत होतं त्यात. पण ताळा अजून बसला नव्हता. मी गॅस्ट्रोंना विचारलं की थोडं थांबलं तर काय बिघडेल? त्यांनी पूर्वीची सोनोग्राफी आणि पेट स्कॅनची मापं शेजारी ठेवून पाहिली. मधल्या काळात गाठी वाढल्या नव्हत्या. सिग्नेट रिंग पेशींचा कॅन्सर इतका सावकाश वागत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी मला माझी सीडी घेऊन ठाण्याच्या एका रेडिओलॉजिस्टकडे पाठवलं. यकृताच्या प्रतिमा वाचण्यात या बाईंचा हातखंडा.

माणसानं समोर बसून स्कॅन वाचलेला मी पहिल्यांदाच अनुभवला. त्यांनी जुना रिपोर्ट उघडला नाही. "निष्कर्ष आधी वाचला तर डोळे तेच शोधतात," म्हणाल्या. आधी नुसत्या प्रतिमा वरून खाली, खालून वर, तिन्ही फेऱ्यांच्या. मग मला खुर्ची पुढे ओढायला सांगितली आणि बोट ठेवून दाखवायला लागल्या. बहुतेक गाठी यकृताच्या कडेकडेला, आवरणाच्या लगत. काही एकमेकींना चिकटून एक झालेल्या. जिथे गाठ आवरणाला टेकली होती तिथे यकृताचा पृष्ठभाग बाहेर फुगायच्या ऐवजी आत ओढला गेला होता. त्या म्हणाल्या, "पसरलेल्या कॅन्सरची गाठ आवरणाला सहसा बाहेर ढकलते. ही आत खेचते आहे, म्हणजे आत तंतुमय, आकसणारं काहीतरी आहे." लगेच पुढे हेही सांगितलं की आत ओढलेलं आवरण पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्येही दिसतं, किमो घेतलेल्या मेटास्टेसिसमध्येही दिसतं, तेव्हा एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही.

मग त्यांनी पोर्टल फेरीतली एक प्रतिमा मोठी केली. एक शीर सरळ गाठीपर्यंत येत होती, कडेला बारीक होत होती आणि तिथेच संपत होती. आत शिरत नव्हती की बाजूनं वळसा घालून पुढे जात नव्हती. काडी आणि तिच्या टोकाला गोळी. या खुणेला रेडिओलॉजीत लॉलिपॉप साइन असंच म्हणतात. शेजारच्या दुसऱ्या गाठीलाही तेच. नंतर करायला लावलेल्या एमआरआयमध्ये गाठींच्या आत एकाभोवती एक अशी कडी दिसली, मधोमध उजळ आणि बाहेर गडद. बाईंनी रिपोर्टात ईएचईची शक्यता सर्वांत वर लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: बायोप्सीच्या तुकड्यावर रक्तवाहिन्यांचे मार्कर केले आहेत का, ते कृपया पाहावे.

केले नव्हते. पहिल्या लॅबनं मार्करची जी यादी लावली होती ती कार्सिनोमाचं मूळ शोधण्यासाठी होती. पेशी रक्तवाहिनीच्या असतील का, हा प्रश्नच त्या तुकड्याला कुणी विचारला नव्हता. ट्यूमर मार्कर, दुर्बिणी, पेट, सगळं मेटास्टेसिस या एका शब्दाच्या वाटेवर गेलं होतं. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर तो शब्द होता आणि पुढच्या प्रत्येकानं तो वाचूनच सुरुवात केली. बायोप्सीच्या मागणीपत्रावरही आजाराच्या रकान्यात तोच. मला वाटतं, पॅथॉलॉजिस्टकडे तुकडा जाताना त्याच्याबरोबर खरी हकीकत जायला हवी: वय, तब्येत, गाठी कुठे आहेत, मार्कर नॉर्मल, मूळ सापडत नाही. नुसता निष्कर्ष जाऊ नये.

आता ब्लॉकबद्दल, कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवून ठेवतात, तो ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चिकटवतात आणि रंगवतात, त्या स्लाइड. दुसरं मत घ्यायला नुसत्या रंगवलेल्या स्लाइड नेल्या तर समोरच्याला त्याच बघता येतात. नवे मार्कर करायचे तर नवे काप लागतात, म्हणजे ब्लॉकच लागतो. काउंटरवर मला आधी "स्लाइड न्या, ब्लॉक मिळत नाही" असं सांगितलं गेलं. मी लेखी अर्ज दिला, गॅस्ट्रोंची चिठ्ठी जोडली, तेव्हा रजिस्टरमध्ये सही घेऊन ब्लॉक मिळाला. सुईच्या बायोप्सीत ऐवज मुळातच थोडा असतो आणि दरवेळी काप काढताना तो झिजतो, म्हणून कुठले मार्कर आधी करायचे हे ठरवूनच चाकू लावावा लागतो. उन्हाळ्याचे दिवस होते. मेण साठेक अंशांना वितळतं आणि उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवू नका असं तिथल्या मुलानं बजावलं, म्हणून नवऱ्यानं ती शर्टाच्या खिशात घालून लोकलनं नेली.

नवी मुंबईकरांना परळचं टाटा आणि खारघरचं त्यांचंच ॲक्ट्रेक ही ठिकाणं चांगली ठाऊक आहेत, शेजारापाजारात कुणी ना कुणी तिथे जाऊन आलेलं असतं. आम्ही गॅस्ट्रोंच्या सांगण्यावरून मुंबईतल्या अशा पॅथॉलॉजिस्टकडे गेलो ज्यांचं सगळं काम यकृताच्या बायोप्सींवर आहे. त्यांनी रेडिओलॉजिस्टना स्वतः फोन लावला, गाठींच्या जागा विचारून घेतल्या आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावला.

मार्कर झाल्यावर त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि पडद्यावर स्लाइड दाखवली. गुलाबी-निळसर पसारा, त्यात मधूनमधून गोल पोकळी असलेल्या पेशी, केंद्रक एका कडेला सरकलेलं. "पहिल्या रिपोर्टात सिग्नेट रिंग म्हटलंय त्या या," ते म्हणाले. "जठराच्या कॅन्सरमध्ये अशा पेशीत श्लेष्मा असतो आणि तो केंद्रकाला कडेला लोटतो. आता इथे नीट बघा." त्यांनी प्रतिमा आणखी मोठी केली. एका पोकळीच्या आत एक लाल रक्तपेशी होती. अख्खी, गोल, आत जाऊन बसलेली. ती पेशी एकटीनं, स्वतःच्या पोटातच रक्तवाहिनी तयार करू बघत होती. पुढच्या स्लाइडवर त्याच पेशी यकृताच्या बारीक रक्तमार्गांतून आणि एका शिरेच्या आत सरकत गेलेल्या दिसल्या. ठाण्याच्या बाईंनी दाखवलेली शीर गाठीच्या कडेला का संपत होती, ते मला तिथे समजलं. आतून ती याच पेशींनी बुजवली होती.

मार्कर म्हणजे विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. सीडी ३१, सीडी ३४ आणि ईआरजी या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या खुणा, तिन्ही पॉझिटिव्ह. मग कॅम्टा-१. या आजारात बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या आणि तिसऱ्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात, डब्ल्यूडब्ल्यूटीआर-१ आणि कॅम्टा-१. हा जोड २०११मध्ये उजेडात आला. त्यामुळे गाठीच्या पेशींची केंद्रकं कॅम्टा-१च्या रंगानं तपकिरी होतात. पडद्यावर सगळीकडे तपकिरी केंद्रकं होती. नवऱ्यानं विचारलं, मग पहिल्या वेळी सायटोकेरॅटिन पॉझिटिव्ह कसं आलं? ते म्हणाले की ईएचईच्या पेशी काही पेशंटमध्ये सायटोकेरॅटिनचाही रंग घेतात, आणि कार्सिनोमा म्हणून चुकायचं सर्वांत मोठं कारण हेच. सायटोकेरॅटिन दिसलं आणि रक्तवाहिनीचे मार्कर लावलेच नाहीत, तर वाट चुकणार.

त्यांनीच सांगितलं की या गाठीला हे नाव १९८२मध्ये शॅरन वाइस आणि फ्रांझ एन्झिंगर या दोन पॅथॉलॉजिस्टांनी दिलं, आणि रक्तवाहिन्यांची ही गाठ अनेकदा कार्सिनोमा समजली जाते, हे त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच आहे. १९८४मध्ये यकृतातल्या ३२ रुग्णांवरचा निबंध आला. दहा लाख लोकांमागे वर्षाला एकालाही होत नाही इतका विरळा आजार. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, बहुधा चाळिशीच्या आसपास. एखाद्या पॅथॉलॉजिस्टला आयुष्यात तो एकदाही दिसला नाही तर नवल नाही. हे ऐकल्यावर पहिल्या रिपोर्टवर सही करणाऱ्या माणसाबद्दलचा माझा राग पुष्कळ निवळला.

ईएचई एकटाच असा फसवा नाही. यकृतातला अँजिओमायोलायपोमा ही निरुपद्रवी गाठ असू शकते आणि धमनीच्या फेरीत अशी उजळते की यकृताचा नेहमीचा कॅन्सरच वाटावा. तिथे एचएमबी-४५ हा मार्कर उलगडा करतो. तरुण मुलांमध्ये होणारा फायब्रोलॅमेलर कॅन्सर मधल्या व्रणामुळे एफएनएच नावाच्या साध्या गाठीसारखा दिसतो, म्हणजे तिथे चूक उलट बाजूनं होते. आयजीजी-४ नावाच्या आजारातली सूज पित्तनलिकेच्या कॅन्सरचं सोंग घेते आणि स्टेरॉइडनं उतरते. ही माहिती मला गॅस्ट्रोंकडून मिळाली, आणि प्रत्येक ठिकाणी किल्ली एकच आहे, स्कॅन वाचणारा आणि काच वाचणारा यांनी एकमेकांशी बोलणं.

पोर्टची तारीख रद्द झाली. माझी फाइल ट्यूमर बोर्डापुढे गेली, म्हणजे सर्जन, कॅन्सरचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट सगळे एका टेबलाशी. नाव बदलल्यानं काय बदललं ते तिथे कळलं. पित्तनलिकेच्या कॅन्सरची किमो बाद. दुसरीकडून यकृतात पसरलेला कॅन्सर असता तर यकृत प्रत्यारोपणाचं दार जवळजवळ बंदच असतं. ईएचईत ते उघडं आहे, फुफ्फुसात थोडे ठिपके असले तरीही अनेक ठिकाणी त्याचा विचार होतो. माझ्या फुफ्फुसातले ठिपके बहुधा याच आजाराचे आहेत, कारण तो यकृत, फुफ्फुस आणि हाडं अशा जागी एकाच वेळी असू शकतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट, हा आजार प्रत्येकात वेगळा वागतो. काहींमध्ये वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतो, काहींमध्ये एकाएकी वेग घेतो. सुरुवातीला कोण कुठल्या गटात आहे ते सांगता येत नाही. म्हणून बोर्डानं ठरवलं की लगेच काहीही न करता तीन महिन्यांनी परत एमआरआय आणि छातीचा सीटी करायचा.

काहीही न करण्याचा हा उपचार घरच्यांना समजावणं फार जड गेलं. कॅन्सर आहे म्हणता आणि औषध नाही? सासूबाईंना वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले. शेवटी गॅस्ट्रोंनी त्यांना दवाखान्यात बोलावून, समोर बसवून सांगितलं, "आई, आम्ही सोडून दिलेलं नाही. लक्ष ठेवून आहोत. गरज नसताना औषध दिलं तर ज्या दिवशी गरज लागेल त्या दिवशी यांच्या अंगात ताकद उरणार नाही." तेव्हा त्यांना पटलं.

तीन महिन्यांच्या तपासणीत मापं तीच आली. आता स्कॅन सहा महिन्यांनी होतो. मी पेढीवर जाते, संध्याकाळी बरगडीखाली अजूनही जड वाटतं. ब्लॉक मी परत मागून घेतला आणि घरी कपाटात ठेवला आहे, सोबत दोन्ही रिपोर्टांच्या प्रती आणि सगळ्या स्कॅनच्या सीडी. नुसते कागदी रिपोर्ट नव्या डॉक्टरांच्या उपयोगाचे नसतात, त्यांना प्रतिमा लागतात.

वजन उतरायला लागलं, ताप राहिला, किंवा छातीत पाणी होऊन धाप लागली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं, असं मला सांगून ठेवलं आहे. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. डाव्या बाजूच्या मोठ्या गाठीचं आणि फुफ्फुसातल्या ठिपक्यांचं माप ठाण्याच्या बाईच बघतील. वाढ दिसली तर सिरोलिमस हे औषध सुरू करून बघायचं आणि प्रत्यारोपणासाठीच्या तपासण्याही त्याच वेळी हाती घ्यायच्या, असं बोर्डाच्या टिपणात लिहिलेलं आहे. रक्तगट जुळतो का, हे नवऱ्यानं आणि धाकट्या दिरांनी आत्ताच पाहून ठेवलंय. दिरांचा जुळतो.